बेलिफाची वाट बघणारा माणूस

लग्नाच्या आहेराची पावती मागणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला, आणि तो नेमका माझ्या समोरच्या टेबलाला एकोणीस वर्षं बसला होता.

आमचे हेडक्लार्क. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेच्या ऑफिसात दोन टेबलं, एक गोदरेजचं कपाट आणि आम्ही दोघं. शिपाईमामांच्या पुतणीच्या लग्नात ह्यांनी शंभर रुपयांचं पाकीट दिलं आणि आहेर लिहून घेणाऱ्या नवरीच्या मामाला म्हणाले, "पावणं, वहीत लिवलंसा ते बरं झालं. आता मला एक पावती द्या." त्या मामाला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा कुठली! ह्यांनी खिशातून कागद काढला, मजकूर घरनंच लिहून आणलेला. मामानं हसत हसत सही केली, तर ह्यांनी दुसऱ्या खिशातून शाईचं पॅड काढलं. "सही उद्या माझी न्हवं म्हणता येती. अंगठा कुठं जातोय?" अक्षता पडायच्या आधी मामाचा अंगठा निळा झाला, आणि पंगतीत वाढायला आला तेव्हा सगळी पंगत त्या अंगठ्याकडं बघत होती. मला तर भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ऑफिसातून आम्ही दोघंच आलो होतो ना!

एक मात्र कबूल करायला पाहिजे. त्यांचा संशय सगळ्यांवर सारखाच असायचा. हेडमास्तर असोत नाहीतर झाडूवाली मावशी, माणूस म्हटला की तो काहीतरी करणार, हे त्यांचं ठरलेलं. पगारपत्रकात बोटभर जागा रिकामी राहिली तरी लाल शाईनं तिथं तिरक्या रेघा मारायचे, मधे कुणी काही घुसडू नये म्हणून. पाचवीतल्या पोरालासुद्धा "तुम्ही" म्हणायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अरे-तुरे केलं की सलगी वाढती. सलगी वाढली की माणूस उसनं मागतोय."

जेवणाच्या डब्याला दोरा बांधून आणायचे, गाठ त्यांची स्वतःची. एके दिवशी गाठ वेगळी दिसली म्हणून डबा उघडलाच नाही. उपाशी बसले. मी माझी भाकरी पुढं केली, तीही नाही घेतली.

"अहो, घरात तुमच्या बायकोनंच बांधली असंल की!" मी ओरडलेच. माझं माहेर कबनूरचं. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या आम्ही बायका, हळू बोलायला शिकवलंय कुणी!

"तसंच असंल," ते शांतपणे म्हणाले. "पण असंल म्हंजे हाय न्हवं."

कुणाच्या घरचा चहा नाही, पाणी नाही. हॉटेलातला तर नाहीच. फक्त गंगावेशीत दूधकट्ट्यावर संध्याकाळी उभे दिसायचे. म्हैस समोर, धार समोर, पेला हातात. "अख्ख्या कोल्हापुरात एवढाच एक धंदा उघड्यावर चालतोय," असं त्यांचं मत होतं.

असं का, ते त्यांनीच एकदा सांगितलं. परीक्षेचे दिवस होते, शाळा चिडीचूप, आम्ही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो. घराच्या स्लॅबसाठी त्यांनी मेहुण्याकडून, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाकडून, पैसे घेतले होते. वेळेत फेडले. पावतीही घेतली. दोन वर्षांनी मेहुण्यानं कोर्टात दावा लावला. ह्यांनी पावती दाखवली, तर मेहुणा न्यायाधीशासमोर म्हणाला, "ही सही माझी न्हवं." देताना दोघंच होते, साक्षीदार नाही. ह्यांना तेच पैसे दुसऱ्यांदा भरावे लागले. त्यापायी बायकोच्या पाटल्या गेल्या.

"बायको त्या दिसापासनं भावाशी बोलत न्हाई," ते सुतळी ओढत म्हणाले. "माझ्याशीबी कमीच बोलती."

तेव्हा मला त्यांची दया आली. पण दया आली म्हणजे विश्वास बसला असं नाही. इतकं जपून वागणारा माणूस आतून सरळ असेल, हे माझ्या गळी उतरत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय उगाच?

अशा माणसाला मी चाळीस हजार रुपये हातउसने दिले.

त्यांनी तोंडानं मागितलेच नाहीत. एका सकाळी माझ्या टेबलावर अर्ज ठेवला. दोन प्रतींत. "विषय: हातउसने रुपये चाळीस हजार मिळणेबाबत." मी वर बघितलं. म्हणाले, "आवक नंबर टाका आणि एक प्रत मला परत द्या." बायको न्हाणीत घसरून पडली होती, खुब्याचं ऑपरेशन होतं, आणि फंडाचे पैसे मंजूर व्हायला वेळ होता. अर्जावरची सही नेहमीसारखी नव्हती. घाईत केलेली दिसत होती.

माझी भिशी त्याच आठवड्यात लागली होती. ते पैसे थोरलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठरवलेले. थोरली तेव्हा नववीत होती. म्हटलं, अजून तीन वर्षं आहेत, तोवर येतील परत. आमच्या मालकांना मी सांगितलं, भिशी पोस्टात ठेवली. मालक फाउंड्रीत कामाला. त्यांना सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, "व्याज किती?" आणि दुसरा, "तुला खूळ लागलंय का?"

ह्यांनी रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करून चिठ्ठी दिली. अंगठाही उठवला. साक्षीला शिपाईमामा.

मग ऑपरेशन झालं, बायको काठी घेऊन चालायला लागली, हे रिटायर झाले. ग्रॅच्युइटी अडकली ती अडकलीच. मी तोंड उघडलं नाही. थोरली बारावीत गेली. मालक अधूनमधून विचारायचे, "पोस्टात हायत न्हवं पैसं?" मी म्हणायची, "हायत की!" आणि विषय बदलायची.

जानेवारीत हे शाळेत आले. हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाले, "बाई, ग्रॅच्युइटी मिळाली. तुमचं पैसं तयार हायत."

माझा जीव भांड्यात पडला. मी हात पुढं केला. त्यांनी हातात टाइप केलेले कागद ठेवले.

"ह्ये काय?"

"दावा. माझ्यावर लावायचा."

मी वाचायला लागले. वादी म्हणून माझं नाव, प्रतिवादी म्हणून त्यांचं. "सदर प्रतिवादी हा लबाड वृत्तीचा असून वारंवार मागणी करूनही हेतुपुरस्सर टाळाटाळ करीत आहे." स्वतःबद्दल स्वतःच टाइप केलेलं!

"अहो, मी कुठं मागणी केली? तुम्ही कुठं टाळाटाळ केलीसा?"

"तसं लिवावं लागतंय."

मग समजावून सांगितलं. मी दावा लावायचा, कोर्टानं त्यांना समन्स काढायचं, त्यांनी पहिल्याच तारखेला कर्ज कबूल करायचं, लोकअदालतीत पैसे भरायचे, तडजोडीचा हुकूम घ्यायचा. "न्यायाधीशासमोर दिलेलं पैसं परत कोण मागत न्हाई."

"मग चेक द्या. नाहीतर फोनवरनं पाठवा."

"पैसं गेलं एवढंच बँकेत दिसतंय. कशाचं गेलं ते कुठं दिसतंय? उद्या तुम्ही म्हणशीला, ते दुसरंच."

"मी म्हणीन असं?"

"तुम्ही म्हणशीला असं न्हाई. म्हणू शकशीला." मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी तीन वर्षं पुरी हुत्यात. उसन्या पैशाची मुदत तीन वर्षं. शुक्रवारच्या आत लावा, न्हाईतर कोर्ट दारात उभं करणार न्हाई. आता लावलंसा तर पावसाळ्यात पैसं हातात. पोरीचा प्रवेश हुईल." आणि जाता जाता, "कोर्ट फीच्या स्टॅम्पाचं मी देतो. तुम्हाला भुर्दंड नको."

इथं माझ्या डोक्यात पहिल्यांदा घंटा वाजली. ज्याच्यावर दावा लावायचा तोच स्टॅम्पाचे पैसे देणार? असं कुठं असतंय का, तुम्हीच सांगा!

ते गेल्या गेल्या शिपाईमामा म्हणाले, "बाई, ह्यात कायतरी काळंबेरं हाय बगा."

माझा एक चुलत दीर वकिलाकडं कारकून आहे. त्याला गुपचूप गाठलं, मालकांना सांगणार नाहीस अशी शपथ घातली आणि कागद दाखवले. त्यानं दोनदा वाचले आणि शीळ घातली. "वहिनी, स्वतःवर दावा लावा म्हणून सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तुम्ही दावा लावला की त्यो काय म्हणंल म्हाईत हाय? ही बाई व्याजानं पैसं देती, परवान्याशिवाय सावकारी करती. तुमची सही असलेला दावा त्याला पुरावा म्हणून घावतोय. शाळेतली नोकरी जाईल."

"पण मी एक रुपया व्याज घेतलं न्हाई!"

"घेतलं न्हाई, ह्याची पावती हाय का तुमच्याकडं?"

झालं! मी घरी आले ती हिशेब मांडतच. नोकरी गेली तर पोरीचा प्रवेश राहू दे, घराचा हप्ता कोण भरणार? रात्रंदिवस एकच विचार. ते लबाड वृत्तीचा वगैरे लिहिलंय ते मुद्दाम, पुढं मला खोटं पाडायला. आवक नंबर टाकून घेतला तोही त्यासाठीच. उसने पैसे देताना मी अर्ज घेते, नंबर टाकते, म्हणजे हा माझा धंदाच झाला! एकदा संशयाचा चष्मा डोळ्यावर चढला की माणसाला साधी भिंतसुद्धा वाकडी दिसते. आणि मी तर त्या विषयातल्या उस्तादाच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढलेली.

तो शुक्रवार आला. मी अर्धी रजा टाकली आणि कागद पर्समध्ये घालून कोर्टापर्यंत गेलेही. फाटकासमोर रसवंतीवर अर्धा तास बसले. एकदा वाटायचं, ह्या माणसानं आजवर माझा एक पैसा बुडवला नाही. मग वाटायचं, आजवर बुडवायला माझं त्याच्याकडं होतं काय? पाच वाजले, काळे कोट बाहेर पडायला लागले. मी उठून घरी गेले.

सोमवारी त्यांचा फोन. "लावलासा?"

"लावला की," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"नंबर काय पडला?"

"अजून पडला न्हाई म्हणाले."

आता पुढचं ऐका. शिपाईमामा त्यांच्याच गल्लीत राहायचे. आठवड्याभरानं मला सांगत आले, "बाई, तुमचं हेडक्लार्क बेलिफाची वाट बगत बसल्यात." हा माणूस, ज्यानं उभ्या जन्मात दाराची कडी आतून काढली नाही, तो सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दार सताड उघडं टाकून उंबऱ्यालगत खुर्ची टाकून बसायला लागला होता. इस्त्रीचा शर्ट घालून. पोस्टमनला थांबवून विचारायचे, कोर्टाचं काही आहे का. बायको आतून ओरडायची, "जेवायला तरी या!" तर म्हणायचे, "त्यो आला आणि मी आत असलो तर? दारावर कागूद चिकटवून जाईल." समन्स म्हणजे जणू लग्नाची पत्रिका.

मामा हसत होते. मला हसू येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला तेही नाटक वाटलं. म्हटलं, गल्लीला साक्षीदार करतोय.

महिन्याभरानं ते शाळेत आले. आपल्या जुन्या टेबलाजवळ उभे राहिले, बसले नाहीत. "बाई, मी कोर्टात जाऊन रजिस्टर बघून आलो. दावा न्हाई."

चोरी पकडली गेली की माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. "न्हाई लावला! स्टॅम्पाचं पैसं बी तुम्हीच देणार म्हटल्यावर कोण लावंल? सावकारीत अडकवायचा बेत न्हवता कशावरनं?"

ते माझ्याकडं बघत राहिले. "म्हंजे तुम्हाला वाटलं, मी फास टाकतोय?"

"व्हय!"

 मग मान हलवली. "बरोबर हाय. माझ्याबरोबर एकोणीस वर्सं बसलासा."

मला कसंतरीच झालं, पण मी गप्प राहिले नाही. "मग नवीन चिठ्ठी लिवून द्या की."

"लिवून देतो. पण ती घिऊन तुम्ही कोर्टात जाणार हाय का?"

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"मुदत गेली, बाई. आता कायद्यानं मी तुमचं काय लागत न्हाई," असं म्हणून ते निघून गेले.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? बरं वाटलं! बघा, मी म्हटलंच होतं! माझा अंदाज खरा ठरला ह्याचंच दोन मिनिटं समाधान. मग खाली बसले आणि रडू फुटलं. चाळीस हजार गेले होते आणि ते मीच घालवले होते.

मालकांना सांगावंच लागलं. मी ताट वाढता वाढता सगळं ओकून टाकलं. ते ओरडले नाहीत, ते फार वाईट. जेवण झाल्यावर हात धुताना एवढंच म्हणाले, "पोस्टात हायत म्हणालीस तीन वर्सं." त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं राहिलं. मला त्या पाटल्यांवाल्या बाईची रोज आठवण यायची. थोरलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, राहू दे, मी बीए करते." तिच्या त्या समजूतदारपणानं माझा जीव जास्त तुटला.

पोरीचा प्रवेश झाला, हे आधीच सांगून टाकते. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. आणि आमचे हेडक्लार्क गेल्या साली गेले. झोपेतच, कुणाला काही त्रास न देता. गल्लीतले म्हणत होते, दाराची कडी आतून लावलेली नव्हती, म्हणून बरं झालं. तर त्यांचं आता काही राहिलेलं नाही. मला सांगायचंय ते फक्त एका रविवारचं.

प्रवेशाची फी भरायला चार दिवस राहिले होते. दुपारची वेळ, पाऊस थांबलेला. मालक घरात, थोरली भांडी लावत होती. दारात हे उभे. एकोणीस वर्षांत कधी आमच्या घराची पायरी चढले नव्हते. चपला काढल्या, आत आले, खुर्चीच्या कडेला बसले.

मालकांना म्हणाले, "तुमच्या मंडळींचा काय दोष न्हाई. अर्ज माझा हुता." आणि शर्टाच्या आतून एक जाड पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "चाळीस हायत."

 मीच म्हटलं, "पण मुदत तर गेली."

"मुदत कोर्टाला. माझ्याकडं पैसं तुमचंच हायत की."

थोरलीनं भीत भीत विचारलं, "चहा टाकू, काका?"

"टाका," ते म्हणाले. मी चमकून बघितलं. तिनं चहा आणला आणि ते तो घोट घोट पीत राहिले.

"पावती लिवून देते," मी म्हटलं.

"नको."

"अहो, पण तुम्ही—"

"नको म्हटलं न्हवं."

मी पाकीट उघडलं. पाचशेच्या नोटा. आणि माझा हात आपसूक जिभेकडं गेला, बोट ओलं झालं आणि मी मोजायला लागले. मुद्दाम नाही हो! हाताला वळणच तसं पडलेलं. एक नोट खिडकीच्या उजेडात धरूनसुद्धा बघितली. एक, दोन, तीन, ऐंशी भरल्या. बरोबर होत्या.

समोर बसून पैसे मोजणाऱ्याच्या हातावरून नजर हलवायची नाही, एक नोट मांडीखाली कधी सरकेल आणि कमी आहेत म्हणून कधी ओरड होईल सांगता येत नाही, हे मला त्यांच्याशिवाय कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी मधेच मान वर करून बघितलं, ते बघतायत का. ते माझ्याकडं बघतच नव्हते. कप दोन्ही हातांत धरून, पाठ अर्धी वळवून, खिडकीतून बाहेर बघत होते. समोरच्या पत्र्यावर एक मांजर अंग चाटत बसलं होतं, त्याच्याकडं.

"अगं, बास की आता," मालक हळूच म्हणाले.

मी बोट ओलं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.